चाकाच्या खुर्चीतली सर्जन : डॉ. मेरी वर्गीस

३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन, तसाच आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिनही. या दिवसांत आपल्या ग्रामसभेत कुष्ठरोगाची प्रतिज्ञा वाचली जाते, आशाताई घरोघर जाऊन अंगावरच्या चट्ट्यांची चौकशी करतात. तेव्हा आजच्या भाषणात मी एका अशा बाईची गोष्ट सांगणार आहे जिने कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं सरळ केली. तीही चाकाच्या खुर्चीत बसून. नाव डॉ. मेरी वर्गीस. मोठी बाई, पद्मश्री मिळालेली, पण मी तिला 'ती'च म्हणणार आहे. आपल्या गटातल्या एखादीबद्दल बोलावं तसं.

हाडांचे डॉक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? पुरुषच ना? तालुक्याला पाय मोडून गेलं की प्लास्टर घालायला पुरुष डॉक्टरच असतो. बायका डॉक्टर झाल्या की बाळंतपणाकडे, फार तर मुलांच्या आजारांकडे, अशी जुनी वाटणी आहे. हाडाच्या कामाला ताकद लागते, करवत-हातोडीचं काम आहे, ते बाईला कसं झेपेल असं म्हणायचे. पाणी भरणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या बाईबद्दल असं कुणी म्हणत नाही, ही गंमतच आहे. अमेरिकेत रूथ जॅक्सन नावाच्या डॉक्टरबाई १९३७ साली हाडांच्या तज्ज्ञांची परीक्षा पास झाल्या आणि त्यांच्या देशात तो दाखला मिळवणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. आपल्याकडेही या शाखेत बायका आजसुद्धा थोड्याच दिसतात.

मेरीलाही हाडांकडे जायचं नव्हतं. तिला बाळंतपणाची डॉक्टर व्हायचं होतं.

तिचा जन्म १९२५ सालचा, केरळात कोचीकडचा. घर खाऊनपिऊन सुखी, ख्रिस्ती, जमीनजुमला असलेलं. मुलीला शिकवण्याची ऐपतही होती आणि मनही होतं. ती डॉक्टरकी शिकायला तमिळनाडूत वेल्लूरला गेली. या वेल्लूरच्या कॉलेजची गोष्ट दोन वाक्यांत तरी सांगायलाच हवी, कारण ते कॉलेज बायकांमुळे आणि बायकांसाठी उभं राहिलं. आयडा स्कडर नावाची एका अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी होती. तरुणपणी ती वडिलांकडे आली असताना एकाच रात्री तीन घरांतून माणसं आली, आमच्या बाईची प्रसूती अडली आहे, चला म्हणून. ती म्हणाली, मी डॉक्टर नाही, वडील डॉक्टर आहेत, त्यांना न्या. तिघांनीही नकार दिला. परक्या पुरुषाने आमच्या बाईला बघायचं नाही. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा परत अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन आली आणि १९१८ साली तिने वेल्लूरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मुलांना तिथे प्रवेश मिळायला १९४७ साल उजाडलं. म्हणजे मेरी शिकायला गेली त्या जागी बाईने डॉक्टर होणं ही नवलाई नव्हती.

शिक्षण संपलं, मेरी तिथल्याच स्त्रीरोग विभागात कामाला लागली. आणि १९५४ च्या जानेवारीत तरुण डॉक्टरांची एक टोळी मोटारीने सहलीला निघाली, त्यात ती होती. पुढच्या बसला मागे टाकायच्या नादात गाडी रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर आदळली आणि उलटली. मेरीच्या चेहऱ्याला खोल जखम झाली, तिचा व्रण शेवटपर्यंत राहिला. पण खरा घाव पाठीत बसला होता. मणका मोडला, आतली मज्जारज्जू दुखावली आणि कंबरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. वय पुरतं २९ नव्हतं.

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची जाड दोरी. मेंदूचा निरोप पायापर्यंत तीच नेते, आणि पायाला टोचलं, भाजलं, दुखलं हा निरोप वर मेंदूकडेही तीच आणते. ती तुटली की दोन्ही निरोप बंद. पाय हलत नाही, आणि पायाखाली निखारा आला तरी कळत नाही. लघवी-संडासची जाणीवही जाते. झाडावरून पडलेली, विहिरीच्या कठड्यावरून पडलेली, बैलगाडी उलटून पाठीत मार बसलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. त्यांच्या घरच्या बाईला हे सगळं तोंडपाठ असतं, कारण अंथरूण तीच बदलते.

त्या काळात अशा रोग्याचं पुढे काय व्हायचं ते स्पष्ट सांगते. पाठीला आणि ढुंगणाला बसून-झोपून जखमा व्हायच्या, त्या हाडापर्यंत जायच्या. लघवीचा दाह मूत्रपिंडापर्यंत चढायचा. बरेच जण वर्षा-दोन वर्षांत जायचे. मेरी स्वतः डॉक्टर होती, तेव्हा हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. महिनोन्महिने ती पालथी-उताणी पडून राहिली. देवावर श्रद्धा असलेली बाई होती, तरी त्या दिवसांत तिचा धीर सुटला. आपण कुणाच्या कामाच्या उरलो नाही, हा विचार मनातून जाईना.

वेल्लूरला हाडांचे सर्जन होते डॉ. पॉल ब्रँड. इंग्रज माणूस, पण जन्म आपल्याच देशातला, तमिळनाडूतल्या डोंगरात. त्यांनी मेरीचे मणके शस्त्रक्रियेने एकमेकांत पक्के जोडले, म्हणजे पाठ तिचा भार पेलेल आणि तिला ताठ बसता येईल. बसता यायला लागल्यावर ब्रँडनी तिच्यापुढे एक गोष्ट ठेवली. हाताची शस्त्रक्रिया सर्जन बसूनच करतो. रोग्याचा हात लहान टेबलावर ठेवायचा आणि समोर बसायचं. पायांचं त्यात काम नाही. तू करशील का?

मेरीला आधी ते खरं वाटलं नाही. कंबरेखाली लुळी बाई सर्जन कशी होणार? तिने असं कुणी पाहिलंही नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. पण तिचे स्वतःचे दोन हात शाबूत होते.

आता ती नक्की काय काम करायची, ते समजून घेऊ. ते कळल्याशिवाय तिचं मोठेपण कळायचं नाही. जुनी माणसं ज्याला महारोग म्हणायची त्या कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस सडतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ब्रँडनी वेल्लूरला बारकाईने बघितलं तेव्हा त्यांना दिसलं की तसं नाही. कुष्ठरोगाचा जंतू थंड जागी वाढतो, म्हणून तो कातडीजवळून जाणाऱ्या नसांना धरतो. कोपराच्या आतल्या बाजूला एक नस असते, तिला टक्कर लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती तर त्याची आवडती. नस मेली की पंजातले लहान स्नायू मरतात आणि बोटं आत वळतात, पक्ष्याच्या नखांसारखी. शिवाय हात बधिर होतो. मग चुलीवरचं तापलेलं भांडं बाई हाताने उचलते, कातडी भाजते आणि तिला पत्ताच नसतो. कुलूप उघडताना किल्ली इतकी जोरात पिळली जाते की बोट फाटतं. काही रोग्यांची बोटं तर रात्रीतून आखूड झालेली दिसायची. त्याचा शोध घेतला तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. दुखत नसल्यामुळे माणूस जागा होत नव्हता. मग दवाखान्यातून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर द्यायची पद्धत पडली. ऐकायला हसू येतं, पण मांजरामुळे बोटं वाचली.

बोटं वळलेली असली तरी दंडातले आणि पोंचावरचे पुष्कळ स्नायू जिवंत असतात. तुम्ही मटण साफ केलं असेल तर मांसाच्या टोकाला पांढरी, चिवट दोरी हाताला लागलेली आठवेल. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात. स्नायू ओढतो आणि ही दोरी बोट हलवते. प्रत्येक बोट वाकवायला अशा दोन दोऱ्या असतात, एक वरची आणि एक खोलातली. दोनपैकी एकीवर भागतं. म्हणून सर्जन एका बोटाची जास्तीची दोरी सोडवतो, तिचे उभे चार भाग करतो आणि एकेक भाग चारी बोटांना नव्या वाटेने नेऊन शिवतो. साडीच्या पदराच्या दशा वेगळ्या करून गोंडे बांधावेत इतकं नाजूक काम. ओढ थोडी जास्त झाली तर बोट ताठ राहतं, थोडी कमी झाली तर पुन्हा वळतं. मग तीन आठवडे प्लास्टर. आणि प्लास्टर निघालं की हाताला शिकवायचं, कारण जो स्नायू जन्मभर बोट मिटत होता त्याने आता बोट सरळ करायचं असतं. मेंदूला हे उमगायला रोजचा सराव लागतो.

हे काम मेरी शिकली. वेल्लूरच्या दवाखान्यात आणि जवळच्या करिगिरीच्या कुष्ठरोग रुग्णालयात ती खुर्चीत बसून हातामागून हात दुरुस्त करू लागली.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. मेरीचे पाय बधिर होते आणि तिच्या रोग्यांचे हात बधिर होते. 'तुला दुखत नाही म्हणूनच जास्त जपायला हवं' हे दुसरा कुणी डॉक्टर सांगेल तेव्हा ते पुस्तकातलं असतं. मेरी सांगायची तेव्हा तिला स्वतःलाच रोज रात्री आरशात पाठीमागचं अंग तपासावं लागत असे, कुठे लाल झालं नाही ना म्हणून. आणि रोगी काय बघत होता? चेहऱ्यावर व्रण असलेली, चालता न येणारी बाई त्याच्या हातावर शस्त्रक्रिया करते आहे. ज्याला घरच्यांनी 'आता तू संपलास' म्हणून बाहेर काढलं होतं, त्याच्यासाठी ते औषधाहून कमी नसणार.

पण हात सरळ झाला म्हणजे सगळं झालं का? नाही झालं. वेल्लूरला काही रोग्यांनी उलट तक्रार केली. हात वाकडे होते तोवर भीक मिळत होती, आता हात चांगले दिसतात, कुणी भीक घालत नाही आणि कुष्ठरोगी होतो म्हणून कुणी कामही देत नाही. तुम्ही आमचं पोट मारलंत! म्हणून ब्रँडनी रोग्यांसाठी वस्ती उभी केली, तिथे सुतारकाम आणि हातातलं इतर काम शिकवायला सुरुवात केली. मेरीने हे सगळं जवळून पाहिलं. मोडलेलं दुरुस्त करणारे सर्जन होते. दुरुस्त झालेल्या माणसाला परत त्याच्या घरात, त्याच्या कामावर नेऊन बसवणारं मात्र फारसं कुणी नव्हतं.

मग ती ऑस्ट्रेलियात पर्थला गेली, आधी स्वतःसाठी. पायांना कॅलिपर बांधून कुबड्यांवर उभं राहायला, खुर्चीतून पलंगावर स्वतःचं स्वतः सरकायला, कपडे बदलायला ती तिथे शिकली. डॉक्टरकी येऊनही तिला हे येत नव्हतं, कारण तोवर कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानंतर न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या, पाठ मोडलेल्या सैनिकांना पुन्हा उभं करताना रस्क यांनी ही विद्या वाढवली होती. मेरी तिथे काही वर्षं राहून पुनर्वसनाचं पुरं शास्त्र शिकली. जिना, बस, बर्फ असलेल्या परक्या शहरात चाकाच्या खुर्चीतून एकटी बाई राहिली आणि शिकली, ते साल होतं १९६० च्या आसपासचं. आपल्यापैकी किती जणींना आजही तालुक्याला एकटीने जायची घरातून परवानगी घ्यावी लागते, तेवढं मनात आणा.

हुशार डॉक्टरला तिथे नोकरी मिळाली असती. ती परत आली आणि १९६३ पासून वेल्लूरच्या नव्या पुनर्वसन विभागाची प्रमुख झाली. आपल्या मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून या विद्येची सरकारी संस्था होती, पण दक्षिणेत आणि खेड्यांपर्यंत हे काही पोचलेलं नव्हतं. १९६६ साली वेल्लूरजवळ बागायम इथे डोंगराच्या पायथ्याशी तिने पाठ मोडलेल्या रोग्यांसाठी राहून शिकायची संस्था सुरू केली.

त्या संस्थेत काय शिकवतात ते आपल्या फार उपयोगाचं आहे म्हणून नीट सांगते. पहिलं, अंग बदलणं. झोपलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. खुर्चीत बसलेल्याने पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन ढुंगण क्षणभर वर उचलायचं. एवढ्या एका सवयीने जखमा टळतात आणि जखमा टळल्या तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. दुसरं, लघवी-संडासची वेळ बांधून घेणं. तिसरं, हातांची ताकद वाढवणं, कारण आता पायांचं कामही त्यांनीच करायचं. आणि मग घर. उंबरा किती उंच आहे? चूल जमिनीवर असेल तर बसल्या बाईचा हात पोचतो का? संडासात खुर्ची शिरते का? घरचं माणूसही सोबत राहून हे शिकतं, नाहीतर तिथे शिकलेलं घरी चार दिवसांत विसरायला होतं. शिवाय ज्याला जे जमेल ते काम शिकवतात. शेवटी घरात मान राहतो तो चार पैसे हातात आल्यावर, हे गटातल्या बायकांना मी काय सांगणार!

१९७२ साली मेरीला पद्मश्री मिळाली. १९८६ च्या डिसेंबरात ती गेली. अपघातानंतर बत्तीस-तेहतीस वर्षं ती जगली आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं तिने काम केलं. ती संस्था आज तिच्या नावाने ओळखली जाते. तिथून घरी गेलेले रोगी दरवर्षी एका मेळाव्याला परत येतात. त्यांच्या अंगावरच्या जखमा, मूत्रपिंडं, खुर्चीची चाकं, सगळं तपासतात. नंतर खेळ होतात, गाणी होतात.

मेरी शस्त्रक्रिया करत होती त्या काळात कुष्ठरोगाला एकच स्वस्त गोळी होती, ती वर्षानुवर्षं घ्यावी लागे. १९८० नंतर दोन-तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला. आता सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतलं की रोग बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. म्हणजे वेळीच औषध मिळालं तर मेरीच्या शस्त्रक्रियेची गरजच पडू नये.

तरी पडते. विशेषतः बायकांना. कारण चट्टा मांडीवर, पाठीवर, दंडावर असतो आणि बाई दाखवत नाही. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून ती काम करत राहते. आणि दाखवला तर काय होईल, ही भीती खोटी नव्हती. मैत्रिणींनो, कुष्ठरोग हे आपल्या देशाच्या कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते लिहिलेलं होतं, इतर धर्मांच्या काही कायद्यांतही होतं. रोग पूर्ण बरा करणारी औषधं येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली तरी ते कलम तसंच होतं. २०१९ साली संसदेने ते काढून टाकलं. तेव्हा आता कुणी सासरचा माणूस 'तुला महारोग झाला, मी तुला सोडतो, कायदा माझ्या बाजूने आहे' असं म्हणाला, तर कायदा त्याच्या बाजूने नाही हे त्याला गटाने मिळून जाऊन सांगायचं. वकील लागला तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती बायकांना फुकट वकील देते.

बघायचं काय, ते सांगते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही. करंगळी सरळ होत नाही, पोळी लाटताना लाटणं निसटतं, चप्पल पायातून गळून पडते आणि समजत नाही. डोळा पुरता मिटत नाही. यातलं काही दिसलं तर आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटांची ताकद नुकतीच कमी झाली असेल, सहा महिन्यांच्या आतली गोष्ट असेल, तर औषधानेही ती परत येऊ शकते. म्हणून 'भाताची लावणी झाल्यावर बघू' असं करू नका. जुनी वाकडी बोटं असतील तर मेरी करायची तशी दोरी बदलण्याची शस्त्रक्रिया सरकारच्या कार्यक्रमात विनामूल्य होते आणि मजुरी बुडते म्हणून पैशाची मदतही मिळते. अर्ज कसा करायचा ते आरोग्य केंद्रातले कुष्ठरोगाचे कर्मचारी सांगतात. आणि ज्यांचं अपंगत्व कायमचं राहिलं आहे त्यांची नावं दिव्यांग प्रमाणपत्रासाठी द्या. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे, त्यात कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत आणि पाठीच्या मार्‍याने लुळे झालेलेही.

आमच्या गावच्या गटाने यंदा एक ठरवलं आहे. महिन्याच्या बैठकीला बचतीचे पैसे मोजून झाले की दार लावून घ्यायचं आणि दोघी-दोघींनी एकमेकींची पाठ, दंड, मांड्या कापसाने तपासायच्या. पहिल्या महिन्यात हसण्यातच अर्धा तास गेला. दुसऱ्या महिन्यात एकीच्या पाठीवर रुपयाएवढा चट्टा निघाला. तिची औषधं चालू आहेत आणि ती रोज कामावर जाते आहे.